गणित कीं साहित्य?

वाशिष्ठीच्या मुखाशीं, दाभोळच्या समोर, दक्षिण तीरावर अंजनवेल हें गांव आहे आणि गांवावरच्या टेकडीवर गोपाळगड आहे. पेशवाईच्या कागदपत्रांत ‘तालुके अंजनवेल’ हे शब्द आढळतात. १८१८ मध्यें गड इंग्रजांच्या हातीं गेला व पुढें तालुक्याचें ठाणें गुहागरास आलें. ह्या किनाऱ्यावरच्या माणसाला हिशेबावांचून गत्यंतर नव्हतें. भाताचा आकार, खाडींतून जाणाऱ्या मालाची जकात, गलबताचें भाडें, सावकाराचें व्याज, हें सर्व ज्याला तोंडीं करतां येई तोच शहाणा ठरे. म्हणून पंतोजीच्या शाळेंत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी अशी पाठांतराची चळत मुलाच्या डोक्यावर रचली जाई. तोच मुलगा संध्याकाळीं देवळांत पुराण ऐके आणि मोरोपंतांच्या आर्या कानांत सांठवीत घरीं येई. ह्या दोहोंपैकीं एक काय तें निवड, असें त्याला कोणी सांगितलें नव्हतें. तो प्रश्न विद्यापीठाच्या परीक्षांबरोबर आला.

नव्या विद्येच्या पहिल्या पिढीलाही ही निवड ठाऊक नव्हती. बाळशास्त्री जांभेकर हे पोंभुर्ल्याचे. तें गांव त्या काळीं रत्नागिरी जिल्ह्यांत मोडे. ‘दर्पण’ काढणारे म्हणून त्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु ‘शून्यलब्धि’ हें चलनकलनावरील मराठी पुस्तक त्यांचेंच, आणि १८४५ मध्यें शिळाप्रेसवर छापून निघालेली ज्ञानेश्वरी हीही त्यांच्याच परिश्रमाचें फळ. दुसऱ्याच वर्षीं, वयाच्या पस्तिशीच्या आंत, ते वारले. ज्ञानेश्वरीचे पाठ ताडून पाहणारी दृष्टि आणि अत्यल्प राशींचा विचार करणारी दृष्टि ह्या दोन निराळ्या जातींच्या माणसांच्या असाव्या लागतात, हें त्यांना सांगितलें असतें तर त्यांना नवल वाटलें असतें.

टिळकांच्या घरींही हाच प्रकार. गंगाधरपंत टिळक हे शाळाखात्यांतले शिक्षक. त्यांनीं मराठींत व्याकरणावर पुस्तक लिहिलें तसें त्रिकोणमितीवरही लिहिलें. मुलानें बाणभट्टाची ‘कादंबरी’ वाचावयास मागितली तेव्हां बापानें एक अवघड गणित पुढें टाकलें आणि तें सोडवशील तर पुस्तक मिळेल, अशी अट घातली, ही गोष्ट टिळकांच्या चरित्रांतून घरोघर पोंचलेली आहे. गणित सुटलें व पुस्तक मिळालें. हल्लींच्या पालकांना ही गोष्ट उलट्या दिशेनें सांगावी लागेल, इतकें गणिताचें वजन वाढलें आहे! पुढें डेक्कन कॉलेजांत टिळकांनीं ऐच्छिक विषय म्हणून गणित घेतलें, पहिल्या वर्गांत बी. ए. झाले, गणितांतच एम. ए. होण्याचा प्रयत्न मात्र फसला. न्यू इंग्लिश स्कुलांत ते गणित शिकवीत तसें संस्कृतही शिकवीत. १८९३ सालचा त्यांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ पाहावा. वसंतसंपात मृगनक्षत्रीं केव्हां होता ह्याचें गणित करून ऋग्वेदाचा काळ त्यांनीं इसवी सनापूर्वीं सुमारें चार हजार वर्षांपर्यंत मागें नेला. निष्कर्ष सर्वांना पटला असें नाहीं. पण ज्याला वेदाची ऋचा लागत नाहीं किंवा ज्याला अयनचलन ठाऊक नाहीं, त्याच्या हातून तो ग्रंथ लिहिलाच गेला नसता.

तथापि निवडीचा खरा जाच पाहावयाचा तर गुहागर तालुक्यांतच पाहावा लागतो. अंजनवेलच्याच तालुक्यांत कोतळूक म्हणून एक खेडें आहे. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचा जन्म तेथें ९ मे १८६६ रोजीं झाला. बाप कागलास नोकरीला. तो १८७९ मध्यें वारला. थोरले बंधु गोविंदराव ह्यांनीं आपलें शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते धाकट्या भावास दरमहा पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत घर चाले. असल्या घरांतला मुलगा विषय निवडतो तेव्हां आवड हा शब्द फार जपून वापरावा लागतो. गोखल्यांना इंग्रजी वाङ्मयाची गोडी होती. उताऱ्यांमागून उतारे त्यांना मुखोद्गत असत. तरी एल्फिन्स्टन कॉलेजांतून १८८४ सालीं ते बी. ए. झाले ते गणित घेऊन. नंतर थोडे दिवस त्यांनीं इंजिनियरिंगकडेही पाहिलें आणि तें सोडून न्यू इंग्लिश स्कुलांत शिक्षक झाले.

ह्यापुढची हकीकत मोठी बोधप्रद आहे. शाळेंत असतां त्यांनीं सहकारी बापट ह्यांच्या मदतीनें अंकगणिताचें पुस्तक रचलें आणि तें पुष्कळ वर्षें शाळांतून चाललें. फर्ग्युसन कॉलेजांत त्यांच्याकडे इंग्रजी वाङ्मय आलें. १८९० मध्यें टिळक संस्थेंतून बाहेर पडले तेव्हां रिकामें झालेलें गणिताचें आसनही त्यांना सांभाळावें लागलें. शेवटीं इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषय त्यांच्याकडे स्थिरावले. संस्थेला जें हवें तें शिकवावयास हा माणूस तयार, अशी त्यांची थट्टा होई. ती थट्टा करणाऱ्यांना १९०२ च्या मार्च महिन्यांत उत्तर मिळालें. वरिष्ठ कायदेकौन्सिलांतल्या आपल्या पहिल्याच अंदाजपत्रकी भाषणांत गोखल्यांनीं सरकारी शिलकेचें कोडें उलगडून दाखविलें. रुपयाचा भाव घसरत होता त्या काळीं वाढविलेले कर तसेच ठेवावयाचे आणि रुपयाचा भाव मात्र कृत्रिम रीतीनें चढवावयाचा, मग शिल्लक उरणारच. ती प्रजेच्या भरभराटीची खूण नव्हे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. हें गणित होतें. परंतु दुष्काळानें खंगलेल्या रयतेच्या घरांतून ती शिल्लक आलेली आहे, हें सभागृहाच्या मनांत ठसविणारी भाषा गणितानें दिली नव्हती. मणामागें अडीच रुपये असलेला मिठाचा कर १९०३ पासून पायरीपायरीनें उतरत १९०७ मध्यें एक रुपयावर आला. त्याचें सर्व श्रेय एका माणसाला देणें अतिशयोक्तीचें होईल. पण त्याच्या भाषणांचा त्यांत वांटा नव्हता असें कोण म्हणेल?

गोखल्यांनीं सोडलेल्या गणिताच्या जागीं १८९१ सालीं त्यांचेच एल्फिन्स्टनमधले सहाध्यायी धोंडो केशव कर्वे आले. ते दापोलीकडच्या मुरुडचे. मुंबईंत असतां मुलींच्या शाळांतूनही त्यांनीं गणित शिकविलें होतें. पुढें फर्ग्युसनांत सुमारें तेवीस वर्षें तोच त्यांचा विषय राहिला. आणि ह्याच गणिताच्या अध्यापकानें १९१६ मध्यें महिला विद्यापीठ काढलें तेव्हां प्रवेशपरीक्षेंत गणित सक्तीचें ठेवलें नाहीं! मातृभाषा शिक्षणाचें माध्यम केली, गृहशास्त्र व आरोग्य ह्यांना मान दिला आणि गणित ऐच्छिक केलें. बीजगणिताच्या धास्तीनें किती मुली शिक्षणाबाहेर राहतात हें त्यांनीं वर्गांत उभें राहून पाहिलेलें होतें, त्यामुळें ह्या निर्णयामागें दया होती असें म्हणतां येईल. तरी ती दया निर्दोष नव्हती. जें मुलाला कठीण असूनही अवश्य, तें मुलीला कठीण म्हणून अनवश्य, असा अर्थ त्यांतून निघतो. आणि मोकळें ठेवलेलें दार कित्येक घरांनीं बंद दारासारखेंच वापरलें.

मराठी साहित्याची अवस्था ह्याहून चमत्कारिक होती. विद्यापीठाच्या पदवीपरीक्षांतून देशी भाषा आरंभींच्या काळांतच काढल्या गेल्या व संस्कृतादि अभिजात भाषांना तें स्थान मिळालें. रानडे ह्यांनीं त्याविरुद्ध पुष्कळ खटपट केली. एम. ए. च्या परीक्षेंत मराठीचा प्रवेश झाला तो १९०१ सालीं, रानडे दिवंगत झाले त्याच वर्षीं. म्हणजे टिळक, गोखले, कर्वे ज्या काळीं शिकले त्या काळीं मराठी साहित्य घेऊन पदवी मिळविण्याचा मार्गच नव्हता. आज मार्ग आहे, पण वर्दळ दुसरीकडे आहे. बारावीच्या अभ्यासक्रमांत मराठीऐवजीं माहिती तंत्रज्ञान घेण्याची सोय आहे आणि विज्ञानशाखेचीं कित्येक मुलें गुणांचा हिशेब करून ती पत्करतात.

अंजनवेलला विसाव्या शतकाच्या शेवटीं पुन्हां एकदां हिशेब मांडावा लागला. दाभोळच्या नांवानें ओळखला गेलेला वीजप्रकल्प वास्तविक खाडीच्या अलीकडे, अंजनवेल, वेलदूर आणि रानवी ह्या गांवांच्या जमिनींवर उभा राहिला. वीजमंडळाशीं डिसेंबर १९९३ मध्यें झालेला करार वीस वर्षांचा होता. विजेच्या दराचें सूत्र डॉलरच्या भावाशीं जोडलेलें होतें. १९९९ मध्यें पहिला टप्पा चालू झाला, ७४० मेगावॉटांचा, आणि २००१ मध्यें मंडळानें वीज घेणें थांबविलें. त्या वर्षीं माधव गोडबोले समितीनें हा सर्व व्यवहार तपासला, तेव्हां तिला दराच्या सूत्रांतले आंकडे वाचावे लागले आणि करारांतलीं वाक्येंही वाचावीं लागलीं.