टस्कीगी येथील वास्तुशिक्षण : वीटभट्टीपासून नकाशापर्यंत

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामगिरीच्या काळी उभ्या राहिलेल्या अनेक वास्तूंच्या विटा कृष्णवर्णीय कारागिरांनी भाजल्या, भिंतीही त्यांनीच रचल्या. परंतु नकाशे आखण्याचा अधिकार त्यांच्याकडे क्वचितच आला. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने नष्ट झाल्यावरही हे अंतर बुजले नाही. ते बुजविण्याचा एक पद्धतशीर प्रयत्न अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे झाला.

बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या नेतृत्वाखाली १८८१ मध्ये तेथे शाळा सुरू झाली. इमारतींस विटा हव्या होत्या, पैसा नव्हता. म्हणून विद्यार्थ्यांनीच भट्टी लावली. पहिल्या तीन भट्ट्या फसल्या. चौथीसाठी वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ १५ डॉलरांना गहाण ठेवले, आणि ती साधली. पुढे येथील विटा आसपासचे श्वेतवर्णीयही विकत घेऊ लागले.

तथापि वीट भाजता येणे म्हणजे वास्तू कल्पिता येणे नव्हे. ही दुसरी पायरी १८९२ मध्ये आलेल्या रॉबर्ट रॉबिन्सन टेलर यांनी बांधली. सुताराचे पुत्र असलेले टेलर हे मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर होत. त्यांनी सुतारकाम व गवंडीकाम यांच्या शिक्षणास रेखांकनाची जोड दिली. १८९८ मध्ये पूर्ण झालेले संस्थेचे प्रार्थनामंदिर त्यांच्या आराखड्यानुसार विद्यार्थ्यांनी बांधले. १९५७ मध्ये ते आगीत नष्ट झाले.

धंदेशिक्षणावरील असा भर कृष्णवर्णीयांच्या उच्च आकांक्षांना मर्यादा घालील, असा आक्षेप डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांनी १९०३ मध्ये घेतला. आक्षेप गंभीर होता. परंतु वास्तुकलेपुरते पाहता येथे हस्तकौशल्य हे छत न ठरता जिना ठरले. टस्कीगीत आरंभ करून कॉर्नेल विद्यापीठात गेलेले व्हर्टनर टँडी हे न्यूयॉर्क राज्यात नोंदणी झालेले पहिले कृष्णवर्णीय वास्तुशिल्पज्ञ होत. हार्लेममधील सेंट फिलिप्स चर्चच्या रचनेत त्यांचा वाटा होता.

या यशामागील एक कारण सहसा दुर्लक्षित राहते. टस्कीगीच्या विद्यार्थ्यास शिक्षकाबरोबर काम देणारा यजमानही लाभला, आणि तो यजमान म्हणजे स्वतः संस्थाच. तिच्या आवाराबाहेर काम सोपविणारे हात बहुधा श्वेतवर्णीयांचे होते. म्हणूनच १९६८ मध्येही नॅशनल अर्बन लीगचे व्हिटनी यंग यांना अमेरिकन वास्तुशिल्पज्ञांच्या पोर्टलंड येथील अधिवेशनात, नागरी हक्कांविषयी या व्यवसायाने बाळगलेल्या मौनाबद्दल खडे बोल सुनवावे लागले. त्यानंतर १९७० मध्ये वंचित विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या, आणि १९७१ मध्ये १२ कृष्णवर्णीय वास्तुशिल्पज्ञांनी डेट्रॉइट येथे स्वतःची राष्ट्रीय संघटना स्थापिली.

टस्कीगीचा इतिहास असे दर्शवितो की, वगळलेल्या समाजातील तरुणांस रेखांकन शिकविणे हे निम्मे कार्य होय. त्यांनी आखलेल्या नकाशावर वास्तू उभारण्यास कोणी तयार असणे, हे उरलेले निम्मे.