तळटीप १४ : ‘फर्मवेअर आधी डेस्कटॉपवर चालवून पाहिले’

१४. फर्मवेअर म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या स्मृतीत कायम साठवलेला प्रोग्राम. तो डेस्कटॉपवर तपासताना पिना, टायमर, सेन्सर यांच्याशी थेट संबंध येणारा भाग वेगळा काढून त्याजागी त्यांची नक्कल करणारी फंक्शने जोडतात आणि उरलेला भाग संगणकाच्याच कंपायलरने बांधून चालवतात. प्रत्येक दुरुस्तीनंतर चिप नव्याने भरावी लागत नाही, हा याचा फार मोठा लाभ. मात्र आर्डुइनो उनोवरील एटीमेगा३२८पी या ८ बिटी चिपवर सी भाषेतील ‘इंट’ १६ बिटांचा, म्हणजे कमाल ३२,७६७ पर्यंतचा असतो आणि डेस्कटॉपवर सहसा ३२ बिटांचा. परिणामी २०० गुणिले २०० याचे उत्तर डेस्कटॉपवर ४०,००० येते, तर चिपवर बहुधा उणे २५,५३६. वेळेचे काटेकोर गणितही प्रत्यक्ष चिपवरच पडताळावे लागते.