सिकंदरबागेतली हाडे

युद्धाचे छायाचित्र म्हणजे साक्षात पुरावा, हा समज १८५८ सालीच डळमळायला हवा होता. लखनौच्या सिकंदरबागेत १६ नोव्हेंबर १८५७ रोजी सुमारे २,००० बंडवाले मारले गेले. फेलिस बिआतो तिथे कॅमेरा घेऊन पोहोचला तो काही महिन्यांनी. त्याच्या चित्रात अंगणभर हाडे पसरलेली दिसतात. ती चित्रासाठी उघडी करविली, असे जॉर्ज कॅम्पबेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या आठवणींत आहे. इंग्रज मृतांची अशी चित्रे त्याने काढली नाहीत.

त्याच काळात वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. 'माझा प्रवास' त्यांनी पुष्कळ वर्षांनी, आठवणीवर विसंबून लिहिला. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली तो फेरफार करून छापला. मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली दिला. म्हणजे मांडामांड इथेही आहेच. पण भटजींची भीती, लुटीचे ते दिवस आणि द्रव्याची त्यांची स्वतःची ओढ (हीच आम्हांला सर्वांत विश्वसनीय वाटते) त्यातून पुसली गेलेली नाही.

होटगीला हा ग्रंथ शिकवताना 'यात खरे किती?' हा प्रश्न आम्हांला हमखास ऐकावा लागतो. बिआतोचे चित्र दाखवले की वर्ग नुसता गप्प होतो.