निकोडेमस : आगगाडी न पोहोचलेले गाव

अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळ, निकोडेमस नावाचे एक खेडे आहे. त्याला खेडे म्हणणेही थोडे उदारपणाचेच होईल. कायमची वस्ती आज विसाच्या आतबाहेर माणसांची. भोवती क्षितिजापर्यंत गव्हाची शेते आणि गवताचा सपाट माळ. या माळालाच तिकडे प्रेअरी म्हणतात. एवढ्याशा गावाचा इतिहास आम्ही का सांगावा, असे कोणी विचारील. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ज्यांना मुक्त केले त्या माणसांचे पुढे काय झाले, हे आपण क्वचितच विचारतो. निकोडेमस हे त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे.

हे गाव वसवणारे बहुतेक लोक केंटकी राज्यातले. लिंकनची १ जानेवारी १८६३ची घोषणा केंटकीला लागूच नव्हती, कारण ते राज्य बंडात सामील झाले नव्हते. तेथील गुलामी संपली ती डिसेंबर १८६५मध्ये, घटनादुरुस्तीने. सुटका झाली खरी, पण पायाखाली जमीन नव्हती. जमीन मालकाची, बियाणे मालकाचे आणि हिशेबाची वहीही मालकाचीच. त्यात १८७७ साली दक्षिणेतील राज्यकारभाराला आधार देणारे केंद्राचे उरलेसुरले सैन्य मागे घेण्यात आले. त्याच वर्षी डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीनदलाल आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांनी काही सहकाऱ्यांसह निकोडेमसची आखणी केली आणि केंटकीत जाहिराती वाटल्या. कॅन्सस १८६१ साली संघराज्यात आले तेच गुलामीमुक्त राज्य म्हणून. शिवाय सरकारी कायद्याने १६० एकर जमीन मिळे. पाच वर्षे तेथे राहून ती कसली की मालकी आपली. ज्यांच्या स्वतःच्या देहावरही काल-परवापर्यंत दुसऱ्याची मालकी होती, त्यांना या शब्दाचे केवढे मोल वाटले असेल!

सप्टेंबर १८७७मध्ये सुमारे तीनशे माणसे आगगाडीने एलिस या ठाण्यापर्यंत आली आणि तेथून सुमारे ३५ मैल माळ तुडवीत निकोडेमसला पोहोचली. पाहतात तो गाव कोठेच नाही! जाहिरातीतले गाव म्हणजे जमिनीत खणलेली बिळांसारखी घरे. दुरून दिसे तो फक्त जमिनीतून वर येणारा धूर. विलियाना हिकमन ही बाई १८७८च्या वसंतात आली. तो धूर पाहून आपण रडू लागलो, अशी तिची आठवण नोंदलेली आहे. कित्येक कुटुंबे तशीच माघारी फिरली. जी राहिली त्यांच्याजवळ नांगर नव्हते, बैल नव्हते. कुदळफावड्यांनी त्यांनी तो माळ फोडला. झाडे जवळजवळ नाहीत, तेव्हा जळणाला रानगव्यांच्या वाळलेल्या शेण्या आणि सूर्यफुलाची काटके वेचायची. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी आपल्यातले अन्न दिले, असे गावकरी परंपरेने सांगत आले आहेत. ज्यांचे माळ हिरावले गेले त्यांनी, ज्यांना माळावर यावे लागले त्यांना घास दिला. आम्हांला या साऱ्या इतिहासातली ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

पुढची दहा वर्षे भरभराटीची. झॅकरी फ्लेचर यांनी टपाल कचेरी आणि हॉटेल चालवले. त्यांची पत्नी जेनी हिने शाळा सुरू केली. देवळे उभी राहिली, १८८६-८७मध्ये दोन वृत्तपत्रे निघाली. येथे येऊन राहिलेले एडवर्ड मॅककेब १८८२ साली राज्याचे हिशेबतपासनीस म्हणून निवडून आले. कॅन्ससमध्ये राज्यपातळीवरील पदावर निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय.

मग आला आगगाडीचा प्रश्न. लोहमार्ग गावाकडे यावा म्हणून १८८७ साली गावकऱ्यांनी १६,००० डॉलरांचे कर्जरोखे मंजूर केले. बिळात राहून दिवस काढलेल्या लोकांनी एवढी रक्कम डोक्यावर घ्यायची तयारी दाखवली! पण मिसूरी पॅसिफिक कंपनी आली नाही, आणि १८८८मध्ये युनियन पॅसिफिकने आपला मार्ग नदीच्या पलीकडून, काही मैलांवरून नेला. तेथे बोग हे नवे गाव उठले आणि निकोडेमसचे दुकानदार तिकडे गेले. आगगाडी चुकली की बाजार चुकतो, हे आमच्या देशावरील मंडळींना निराळे सांगायला नको. पुढे १९३०नंतरच्या अवर्षणाने आणि धुळीच्या वादळांनी शेतीही मोडली. १९५३ साली टपाल कचेरी बंद झाली.

गावाची ही कथा येथेच संपवण्याचा प्रघात आहे, आणि तो आम्हांस मान्य नाही. कारण दुकाने गेली तरी बरेचसे शेतकरी जमिनीला धरून राहिले, आणि जे गेले तेही पुरते गेले नाहीत. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामी १ ऑगस्ट १८३४ रोजी संपली; तो दिवस येथे १८७८पासून साजरा होऊ लागला. त्याचाच पुढे वार्षिक मेळावा झाला. आजही जुलैअखेर दूरदूरच्या शहरांतून शेकडो वंशज येतात. आपल्याकडे मुंबईचे चाकरमानी जत्रेला गावी जातात, तसाच हा प्रकार. विसांचे गाव त्या दोन-तीन दिवसांत फुलून जाते. मिरवणूक निघते, जेवणावळी होतात, कोण कोणाचा नातू याचा उलगडा होतो. दप्तरे नव्हती तेथे या मेळाव्यानेच वंशावळी सांभाळल्या.

सरकारची दृष्टी तिकडे वळली ती बऱ्याच उशिरा, आणि तीही वंशजांनी नेटाने पाठपुरावा केल्यावर. १९७६मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला. १९९६मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अखत्यारीत त्याचा समावेश झाला. आज पाच इमारती वारसा म्हणून गणल्या जातात : दोन देवळे, फ्लेचर यांचे हॉटेल, शाळा, आणि १९३९ साली चुनखडीच्या दगडाने बांधलेले सभागृह. जमिनीत खणलेली ती घरे मात्र त्या यादीत नाहीत. ती केव्हाच मातीत मिसळली, आणि त्यांच्यावरून गवत वाढले.