ड्रग्ज माफियांची प्रॉपर्टी जप्त होते, मग तो पैसा व्यसनमुक्तीसाठी वापरतात का?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी, म्हणजेच मेफेड्रॉन बनवणारा कारखाना पकडला. या कारवाईत जप्त झालेल्या मालाची किंमत सुमारे ३०० कोटी रुपये सांगितली गेली. ललित पाटीलचं नाव घराघरांत पोहोचलं ते याच प्रकरणात. तेव्हा अनेकांना प्रश्न पडला, एवढा पैसा सरकारला मिळाला तर व्यसनात अडकलेल्या पोरांवर उपचार का होत नाहीत?

३०० कोटी सरकारला मिळतात का?

नाही. ही किंमत काळ्या बाजारातली असते. जप्त केलेला माल विकता येत नाही, कायदेशीर प्रक्रिया करून तो नष्ट केला जातो. सरकारच्या हाती पैसा येऊ शकतो तो ड्रग्जच्या कमाईतून घेतलेली घरं, जमिनी, गाड्या आणि बँकेतल्या रकमेतून. एनडीपीएस कायद्याच्या प्रकरण ५-अ नुसार ही मालमत्ता आधी गोठवली जाते आणि नंतर सरकारजमा होते. नातेवाइकांच्या नावावर केलेली मालमत्ताही यातून सुटत नाही.

मग हा पैसा जातो कुठे?

१९८५ च्या या कायद्यात १९८९ मध्ये कलम ७-अ आलं आणि केंद्र सरकारच्या अखत्यारीत राष्ट्रीय निधीची तरतूद झाली. सरकारजमा मालमत्तेच्या विक्रीचा पैसा या निधीत जमा होतो. तस्करी रोखणं, जनजागृती आणि व्यसनींवर उपचार व पुनर्वसन, या सगळ्यासाठी तो वापरता येतो.

खरी मेख इथेच आहे. उपचारांवर किती टक्के खर्च करायचा, हे कलमात लिहिलेलंच नाही. ज्या जिल्ह्यात ड्रग्ज पकडले, तिथेच पैसा परत यावा, अशीही अट नाही.

अमेरिकेत काय केलं?

तिथे १९९८ मध्ये सिगारेट कंपन्यांनी ४६ राज्यांशी तडजोड केली, पण त्यातला बराच पैसा भलत्याच कामांवर खर्च झाला. त्यातून धडा घेऊन २०२२ च्या ओपिऑइड तडजोडीत अट घातली गेली. जॉन्सन अँड जॉन्सन आणि तीन औषध वितरक कंपन्यांनी मिळून २६ अब्ज डॉलरपर्यंत रक्कम द्यायची आणि त्यातला किमान ८५ टक्के पैसा या संकटावरच्या उपायांसाठी वापरायचा, असं ठरलं. अनेक राज्यांनी त्यासाठी स्वतंत्र कायदेही केले.

आपल्याकडे समोर कंपनी नसून टोळी असते, त्यामुळे तडजोडीचा विषय येत नाही. पण उपचारांचा वाटा ठरवून देणं आपल्यालाही शक्य आहे. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, बेकायदा ड्रग्जच्या आहारी गेलेल्या साधारण २० जणांपैकी एकालाच दाखल होऊन उपचार मिळतात.

घरातलं कुणी अडकलं असेल तर?

पोलिसांच्या भीतीने बरीच कुटुंबं गप्प बसतात. पण कलम ६४-अ नुसार, सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणात ड्रग्ज बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळतं. मात्र उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं.

मदतीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.