पोलादी स्क्रू, लाकडी नट आणि सूर्याचा वर्णपट

जानेवारी १९०९ मध्ये कोडाईकनाल वेधशाळेत जॉन एव्हरशेड यांनी सूर्यडागांच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. डागाभोवतीच्या उपच्छायेतील वर्णरेषा आपल्या जागेवरून किंचित सरकलेल्या त्यांना आढळल्या. सूर्यबिंबाच्या कडेजवळ असलेल्या डागात त्या कडेच्या बाजूला तांबड्याकडे आणि बिंबमध्याच्या बाजूला निळ्याकडे झुकत होत्या. उपच्छायेतील वायू डागाच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने वाहत आहे, हा त्याचा अर्थ. हा शोध आज ‘एव्हरशेड परिणाम’ या नावाने जगभर ओळखला जातो.

वायूचा वेग सेकंदाला २ किलोमीटर धरला, तर डॉप्लर परिणामामुळे तरंगलांबीत पडणारा फरक सुमारे दीड लाखांत एक इतका असतो. म्हणजे ६,००० अँगस्ट्रॉमच्या रेषेत अवघा ०.०४ अँगस्ट्रॉम. इतका सूक्ष्म फरक सूर्यातला आहे, उपकरणातला नाही, हे कशावरून ठरवायचे? त्यासाठी वर्णपट पाडणारे विवर्तन जालक निर्दोष हवे. जालक निर्दोष होण्यासाठी ते आखणाऱ्या यंत्राचा स्क्रू निर्दोष हवा. आणि स्क्रू कितीही चांगला असला, तरी त्याची गती पुढे पोहोचवतो तो त्याच्यावरचा नट. विज्ञानाच्या इतिहासात या नटाचा उल्लेख क्वचितच होतो.

स्क्रूच्या अचूकतेचा प्रश्न जालकांहून जुना आहे. लंडनचे यंत्रकार हेन्री मॉड्स्ले यांनी १८०० च्या सुमारास आटे पाडणारा लेथ विकसित केला. त्यांनी तयार केलेला एक स्क्रू विशेष प्रसिद्ध आहे. त्याची लांबी ५ फूट, व्यास २ इंच आणि दर इंचाला ५० आटे. त्यावरचा नट तब्बल १२ इंच लांब होता, म्हणजे त्यात ६०० आटे होते. एखादा आटा थोडा पुढे वा मागे असला, तरी एकाच वेळी ६०० आटे टेकलेले असल्यामुळे त्या एका आट्याचा दोष सरासरीत विरून जाई. खगोलीय उपकरणांच्या मोजपट्ट्यांवर खुणा करण्यासाठी हा स्क्रू वापरला गेला. नटाकडे दोष पसरवून सौम्य करणारा भाग म्हणून पाहण्याची दृष्टी येथे स्पष्ट दिसते.

ही दृष्टी पुढे नेली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ हेन्री रोलंड यांनी. १८८२ च्या सुमारास त्यांनी, यंत्रकार थिओडोर श्नायडर यांच्या साहाय्याने, जालक आखणारे यंत्र सिद्ध केले. हिऱ्याचे टोक चकचकीत धातूवर एक ओळ ओढी, मग स्क्रू किंचित फिरून पट्टी पुढे सरके आणि पुढची ओळ ओढली जाई. एका इंचात १४,४३८ ओळी, म्हणजे मिलिमीटरला सुमारे ५६८. स्क्रूला इंचात सुमारे २० आटे होते. त्यामुळे त्याच्या एका फेऱ्यात ७२० च्या आसपास ओळी आखल्या जात. स्क्रूमध्ये फेरागणिक पुन्हा पुन्हा येणारा दोष असला, की तो दर ७२० ओळींनी जालकात उमटे. अशा जालकातून पाहिल्यास खऱ्या वर्णरेषेच्या दोन्ही बाजूंना खोट्या रेषा दिसतात. भौतिकशास्त्रात त्यांना ‘भुते’ म्हणतात. अस्तित्वात नसलेली रेषा नोंदली जाण्याचा धोका त्यांच्यामुळे कायम असे.

रोलंड यांनी उपाय केला तो नटाच्याच साहाय्याने. लांब, ताठ आणि भागाभागांत विभागलेला नट स्क्रूवर बसवायचा, त्यात एमरी आणि तेल घालायचे, आणि तो हळूहळू आवळत स्क्रूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा फिरवायचा. स्क्रू जेथे जाड वा वाकडा, तेथे नट अडतो आणि नेमका तोच भाग घासला जातो. घासण्याने स्क्रू तापून प्रसरण पावू नये, म्हणून तापमान स्थिर राखावे लागे. एवढे सोसून तयार झालेल्या पोलादी स्क्रूवर प्रत्यक्ष कामासाठी रोलंड यांनी जो नट सुचवला, त्यात आट्यांना टेकणारा भाग होता टणक लाकडाचा! लाकूड किंचित दबते, आट्यांच्या आकाराशी जुळवून घेते आणि स्क्रूला ओरखडत नाही. आखणी यंत्रात भार अगदी कमी आणि हालचाल एकाच दिशेने असते, त्यामुळे लाकडाचे दौर्बल्य तेथे आड येत नाही. रोलंड यांच्या जालकांनी सौर वर्णपटाचे मापन नव्या पायावर उभे केले. १८९६ मध्ये पीटर झेमान यांनी चुंबकीय क्षेत्रातील वर्णरेषांचा पालट शोधला, तोही रोलंड यांच्याच जालकाच्या आधारे.

या विचाराचे टोक गाठले इंग्लंडचे सर थॉमस मर्टन यांनी. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पद्धतीत दंडगोलावर लेथने अत्यंत बारीक आटे पाडले जात आणि त्यांवर चालणाऱ्या नटाला आतून अस्तर असे बुचाचे. बाटलीला लावतात तेच बूच! ते अनेक आट्यांवर दाबून बसे आणि त्याच्या लवचिकतेमुळे फेरागणिक येणारे दोष सरासरीत मिटून जात. नटाबरोबर सरकणारे हत्यार त्याच दंडगोलावर दुसरे आटे पाडी, ते मूळ आट्यांपेक्षा अधिक अचूक असत. ‘मर्टन नट’ या नावाने ही युक्ती ओळखली जाते. मुलापेक्षा बाप कमी अचूक, ही यंत्रशास्त्राला अशक्य वाटणारी गोष्ट बुचाने साधली.

मग लेथला बुचाचा नट का बसवत नाहीत? कारण तेथे नटाला कापणीचा जोर सोसावा लागतो. दबणारा नट जोराखाली मागे हटतो आणि माप चुकते. म्हणून लेथच्या पोलादी लीडस्क्रूवर सहसा ब्राँझचा किंवा बिडाचा नट असतो. साध्या पोलादावर साध्या पोलादाचा नट टाळतात, कारण एकाच जातीचे धातू दाबाखाली एकमेकांना धरतात आणि पृष्ठभाग सोलवटतात. शिवाय झिजायचेच असेल, तर बदलण्यास सोपा असलेला नट झिजावा आणि लांब, महागडा स्क्रू टिकावा, असा हिशेब असतो.

आज महाविद्यालयांच्या कार्यशाळांत विद्यार्थी लहान सीएनसी यंत्रे स्वतः बांधतात, तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यापुढे येतो. हलक्या भाराला अ‍ॅसिटाल, म्हणजे बाजारात डेलरिन म्हणून मिळणारे प्लास्टिक, उत्तम चालते. त्याचे दोन तुकडे गरम केलेल्या स्क्रूभोवती दाबले, की स्क्रूचेच आटे त्यात उमटतात. मात्र ते प्रमाणाबाहेर तापल्यास विषारी फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, म्हणून तापमानावर ताबा आणि खेळती हवा आवश्यक. नायलॉन स्वस्त असले, तरी हवेतील ओल शोषून फुगते. कोकणातील किंवा केरळातील पावसाळ्यात असा नट अडकू शकतो. अ‍ॅसिटाल त्या मानाने फारच कमी पाणी शोषते, परंतु उष्णतेने पोलादाच्या सुमारे नऊपट प्रसरण पावते. आणि एक उलटी वाटणारी बाब: मऊ नटात धातूचा कठीण कीस रुतला, तर तोच नट स्क्रूला घासू लागतो. रोलंड यांनी एमरीने जे हेतुपुरस्सर केले, तेच येथे नकळत घडते. म्हणून नटाच्या दोन्ही तोंडांशी फेल्टची पुसणी असावी.

कोडाईकनालच्या काचपट्ट्यांवरील ०.०४ अँगस्ट्रॉमच्या सरकण्यावर विश्वास ठेवता आला, त्यामागे जालके आखणाऱ्यांची ही दीर्घ परंपरा होती. नटासाठी पदार्थ निवडताना त्यांनी पाहिले ते दोनच गोष्टींकडे: भार किती पेलायचा आहे आणि कोणता दोष मिटवायचा आहे. कार्यशाळेत आज नट घडवणाऱ्या विद्यार्थ्यालाही सुरुवात याच दोन प्रश्नांपासून करावी लागते.