चिऊताईची शिरगणती

आठवणीतल्या चिमण्या आणि मोजलेल्या चिमण्या यांत बरेच अंतर असते. कांजूरमार्गसारख्या उपनगरात चिमण्यांची मोजणी शास्त्रशुद्ध रीतीने कशी करता येईल, याविषयी...

'पूर्वी चिमण्या खूप होत्या, आता दिसतच नाहीत,' ही तक्रार मुंबईच्या कोणत्याही उपनगरात ऐकायला मिळते. तक्रार मनापासूनची असते आणि बहुधा निराधारही नसते. मात्र पूर्वी म्हणजे नेमके केव्हा, खूप म्हणजे किती आणि दिसत नाहीत त्या कोठे, हे तीन प्रश्न विचारले की उत्तर देणारा अडखळतो. कारण काऊ-चिऊच्या गोष्टीतून घरोघरी पोहोचलेला हा पक्षी इतका सवयीचा होता, की तो मोजून ठेवावा असे कोणाला वाटलेच नाही. वाघांची गणना होते, खाडीतल्या फ्लेमिंगोंची होते. वळचणीच्या चिमणीची मात्र वर्षानुवर्षांची सलग नोंद आपल्या बहुतेक वस्त्यांकडे नाही.

नोंदीचे मोल

अशी नोंद असली तर काय साधते, याचे उत्तम उदाहरण लंडनमधील केन्सिंग्टन गार्डन्स या उद्यानाचे आहे. मॅक्स निकल्सन या तरुण पक्षी अभ्यासकाने १९२५ च्या नोव्हेंबरमध्ये तेथील चिमण्या मोजल्या. त्या २,६०३ भरल्या. त्याच उद्यानात पुढे पुन्हा पुन्हा मोजणी झाली. १९४८ मध्ये ८८५, १९७५ मध्ये ५४४, १९९५ मध्ये ४६ आणि २००० साली अवघ्या ८ चिमण्या आढळल्या. पाऊण शतकाची ही घसरण केवळ जुन्या लोकांच्या हळहळीवर सोडली असती, तर तिचा वेग कधीच कळला नसता. ब्रिटनमध्ये २००२ साली घरचिमणीचा समावेश चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत झाला, तो अशाच दीर्घकालीन नोंदींच्या आधारे.

भारतात या विषयाला चालना देण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांची नेचर फॉरएव्हर सोसायटी यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. २०१२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसह (बीएनएचएस) अनेक संस्थांच्या सहकार्याने 'सिटिझन स्पॅरो' हा उपक्रम झाला. त्यात नागरिकांकडून आजच्या आणि पूर्वीच्या चिमण्यांची माहिती मागवण्यात आली. देशभरातून हजारो नोंदी आल्या आणि पूर्वीच्या तुलनेत चिमण्या कमी ठिकाणी दिसतात, असा त्यांचा एकंदर सूर होता. त्याच वर्षी दिल्लीने चिमणीला राज्यपक्ष्याचा मान दिला.

यानंतर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालाने मात्र अनेकांना चकित केले. पक्षीनिरीक्षकांनी नोंदवलेल्या एक कोटीहून अधिक निरीक्षणांवर तो आधारलेला होता. देशभराचा विचार करता पंचवीसहून अधिक वर्षांत घरचिमणीची संख्या साधारण स्थिर राहिली आहे. घट दिसते ती मुंबईसह सहा महानगरांत, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजेच चिमणी देशातून नाहीशी होत नसून महानगरांतून मागे हटत आहे. ती नेमकी कोणत्या गल्लीतून हटली आणि कोणत्या गल्लीत टिकली, हे शोधायचे तर मोजणी वस्तीच्या पातळीवरच व्हायला हवी.

कांजूरमार्गच का?

महानगर आणि निमशहरी मुलूख यांची सीमारेषा ज्या थोड्या ठिकाणी आजही उघड दिसते, त्यांपैकी कांजूरमार्ग हे एक. मध्य रेल्वेवर विक्रोळी आणि भांडुप यांच्या मधले हे स्थानक. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग आणि त्यापलीकडे पवईचा परिसर. पूर्वेला कांजूर गाव, पूर्व द्रुतगती मार्ग आणि त्याही पलीकडे मिठागरे, कांदळवन व ठाण्याची खाडी. याच पट्ट्यात महापालिकेचे कचरा प्रक्रिया केंद्र आहे. जुने कारखाने जाऊन त्या पट्ट्यात उभे राहिलेले निवासी मनोरे आहेत, तशाच चाळी आणि बैठी घरेही आहेत.

अर्ध्या तासाच्या पायपिटीत इतक्या भिन्न प्रकारचा परिसर पालथा घालता येणे, ही अभ्यासकाला पर्वणीच. चिमणी कौलांखाली अधिक राहते की काचेच्या इमारतींभोवती, गावठाणात अधिक की गृहसंकुलात, याची तुलना येथे एकाच हवामानात आणि एकाच दिवशी करता येते. शिवाय या भूभागाचे रूप झपाट्याने बदलत आहे. २०२० साली मेट्रो कारशेडच्या वादामुळे कांजूरची जमीन राज्यभर गाजली. परंतु अशा बदलांचा लहान पक्ष्यांवर काय परिणाम होतो, हे सांगायला बदलापूर्वीचा आकडा हाताशी असावा लागतो. तो नंतर मिळवता येत नाही.

आधी ओळख, मग मोजणी

घरचिमणी सर्वांना ओळखू येते, हा समज अर्धवट खरा आहे. नराचा माथा राखाडी, डोळ्यामागून मानेपर्यंत तांबूस तपकिरी पट्टा आणि गळ्याखाली काळा डाग असतो. मादी फिकट मातकट असून तिच्या डोळ्यामागे पिवळसर पांढरी भुवई असते. लांबी साधारण १५ सेंटिमीटर. नराबाबत चूक होण्याची शक्यता कमी. मादीबाबत मात्र सावध राहावे लागते.

खाडीकाठच्या गवताळ भागात सुगरण पक्ष्याची मादी, तसेच विणीचा हंगाम नसतानाचा नर, घरचिमणीच्या मादीसारखाच भासतो. त्यांची चोच अधिक जाड आणि शेपटी आखूड असते. मुनियांचे थवेही दुरून फसवतात. पिवळ्या गळ्याची रानचिमणी ही आणखी एक जवळची नातलग. डॉ. सालिम अली यांना लहानपणी पक्षीशास्त्राची वाट दाखवणारी चिमणी हीच. त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातही चिमणी आहे, पण ती वळचणीची नव्हे. म्हणूनच मोजणीस निघण्यापूर्वी स्वयंसेवकांनी एखादी सकाळ केवळ ओळख पक्की करण्यात घालवावी.

मोजणीची पद्धत

पहिली पायरी नकाशाची. परिसराचे गावठाण व बैठी घरे, चाळी, जुन्या वसाहती, उंच गृहसंकुले, बाजारपेठ व स्थानक परिसर आणि मिठागरांची कड असे भाग पाडावेत. प्रत्येक भागात सारख्या संख्येने निरीक्षणबिंदू निवडावेत. दोन बिंदूंमध्ये किमान दीड-दोनशे मीटर अंतर असावे, म्हणजे तीच चिमणी दोनदा मोजली जाण्याचा धोका कमी होतो. बिंदू आधी नकाशावर ठरवावेत. चिमण्या दिसतात म्हणून तेथे बिंदू घेतला, की सारी मोजणी फसते.

वेळ सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन-अडीच तासांची. या वेळी चिमण्या बोलक्या असतात आणि रहदारीचा गोंगाट कमी असतो. प्रत्येक बिंदूवर पोहोचल्यावर एक-दोन मिनिटे शांत उभे राहावे, मग दहा मिनिटे ठरावीक अंतरातील, समजा ३० मीटरच्या आतील, चिमण्या मोजाव्यात. नर, माद्या आणि पिल्ले यांची वेगळी नोंद करावी. नुसत्या उडत गेलेल्या चिमण्या निराळ्या रकान्यात लिहाव्यात. दोघांची जोडी सोयीची ठरते. एकाने पाहावे, दुसऱ्याने लिहावे. पाऊस किंवा जोराचा वारा असल्यास मोजणी पुढे ढकलावी. प्रत्येक बिंदूवर एकाच हंगामात किमान तीनदा जावे.

दुसरी पद्धत चिवचिवणाऱ्या नरांची. विणीच्या काळात घरट्याच्या जागेजवळ बसून नर एकसारखा चिवचिवत राहतो. असे नर मोजले की घरटी करणाऱ्या जोड्यांचा अंदाज येतो. दाट वस्तीत, जेथे पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो, तेथे ही पद्धत विशेष उपयोगी आहे. तिसरी पद्धत रातथाऱ्याची. संध्याकाळी चिमण्या एखाद्या दाट झाडावर किंवा वेलीवर गोळा होतात. अंधार पडण्यापूर्वीच्या तासात तेथे येणारे पक्षी मोजल्यास आसपासच्या परिसराचा एकत्रित आकडा मिळतो.

याच्या जोडीला घरट्यांची यादी करावी. भिंतीतील भोके, पत्र्याखालच्या फटी, विजेच्या मीटरची पेटी, दुकानाच्या शटरची खोबण, फलाटावरील छताचे लोखंडी सांगाडे ही चिमणीची आवडती ठिकाणे. घरट्याला हात लावू नये, आत डोकावू नये; चोचीत चारा घेऊन आत जाणारा पक्षी दिसला, एवढा पुरावा पुरेसा आहे. नौदल वसाहतीसारख्या संरक्षित भागात परवानगीवाचून जाऊ नये आणि दुर्बीण व कॅमेरा वापरताना रहिवाशांना आधी कल्पना द्यावी, हेही ओघाने आलेच.

आकडे कसे वाचावेत

उदाहरणादाखल, ३० मीटर त्रिज्येच्या एका वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे २,८२७ चौरस मीटर, म्हणजे ०.२८ हेक्टर होते. असे २० बिंदू घेतल्यास सुमारे ५.६५ हेक्टर क्षेत्र पाहून होते. त्यात एका फेरीत ११३ चिमण्या आढळल्या, तर घनता हेक्टरी २० येते. गावठाणाचा आणि गृहसंकुलाचा असा स्वतंत्र आकडा काढला, की तुलना आपोआप होते.

मात्र सर्व चिमण्या दिसत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. उघड्या मैदानात पक्षी सहज दिसतो, तर चाळीच्या बोळात नजर पंधरा मीटरही जात नाही. त्यामुळे आलेला आकडा हा किमान आकडा असतो. त्याचे खरे मोल पुढच्या वर्षी, त्याच महिन्यात, त्याच बिंदूंवर, त्याच पद्धतीने आलेल्या आकड्याशी ताडून पाहण्यात आहे. एका वर्षाची घट म्हणजे ऱ्हास नव्हे आणि एका वर्षाची वाढ म्हणजे पुनरागमन नव्हे.

सर्वात महत्त्वाची नोंद शून्याची. चिमणी दिसली नाही म्हणून कागद कोरा ठेवणे, ही नवख्यांची नेहमीची चूक. 'पाहिले, पण आढळली नाही' आणि 'पाहिलेच नाही' यांतील फरक हाच सर्वेक्षणाचा प्राण होय. ज्येष्ठ रहिवाशांच्या आठवणीही जरूर लिहून घ्याव्यात, परंतु वेगळ्या वहीत. पूर्वी घरटे कोठे असे, हे त्या नेमके सांगतात. संख्येबाबत मात्र आठवण नेहमीच सढळ असते.

कारणांची चर्चा

चिमणी घटण्याचे खापर अनेकदा मोबाइल टॉवरवर फोडले जाते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये बीएनएचएसचे तत्कालीन संचालक डॉ. असद रहमानी यांच्या अध्यक्षतेखाली या विषयावर तज्ज्ञ समिती नेमली होती. समितीने जगभरातील शेकडो शोधनिबंध तपासून सावधगिरीची आणि अधिक संशोधनाची शिफारस केली. परंतु भारतातील चिमण्यांची घट टॉवरमुळेच झाली, हे त्यातून सिद्ध झालेले नाही. लंडनच्या 'इंडिपेंडंट' दैनिकाने २००० साली चिमण्यांच्या ऱ्हासाची शास्त्रीय उकल करणाऱ्यास ५,००० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. एकच एक कारण सर्वमान्य होऊ शकलेले नाही.

अधिक ठोस दिसणारी कारणे साधी आहेत. पूर्ण वाढलेली चिमणी दाण्यांवर जगते, पण तिची पिल्ले सुरुवातीचे दिवस प्रामुख्याने अळ्या व किडे यांवर वाढतात. इंग्लंडमधील लेस्टर येथील अभ्यासात किड्यांच्या अभावी पिल्ले घरट्यातच दगावत असल्याचे आढळले. फरसबंद अंगणे, कीटकनाशके आणि शोभेची परदेशी झाडे यांमुळे हा चारा घटतो. काच आणि काँक्रीटच्या सपाट भिंतींत घरट्याला फट उरत नाही. धान्य उघड्या पोत्यांऐवजी बंद पाकिटांतून विकले जाते, तेव्हा दुकानासमोरचा सांडलेला दाणाही नाहीसा होतो. यांपैकी कांजूरमार्गात कोणते कारण अधिक लागू पडते, हे मोजणीसोबत प्रत्येक बिंदूवरील फटी, झुडपे, मोकळी माती आणि किराणा दुकाने यांची नोंद केल्यास उमजू शकेल.

मोजणीनंतर काय?

वहीतले आकडे वहीतच राहू नयेत. ई-बर्डसारख्या खुल्या नोंदसंचात ते भरल्यास देशव्यापी अहवालांना त्यांचा उपयोग होतो. भारतातील निरीक्षक २०१३ पासून दर फेब्रुवारीत 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' या जागतिक उपक्रमात सहभागी होतात. त्यासाठी किमान पंधरा मिनिटांचे निरीक्षण पुरते. शाळा, महाविद्यालये आणि गृहनिर्माण संस्था यांना येथून आरंभ करता येईल.

संवर्धनाचे उपायही मोजणीतूनच ठरावेत. जेथे चारा आहे पण फटी नाहीत, तेथे लाकडी घरटी लावावीत. त्यांचे भोक सुमारे ३२ मिलिमीटरचे, उंची अडीच-तीन मीटरच्या वर आणि जागा थेट उन्हापासून दूर असावी. जेथे फटी आहेत पण पिल्लांना किडे नाहीत, तेथे देशी झुडपे आणि थोडी मोकळी माती अधिक कामाची. सरसकट घरटी वाटून साजरा होणारा चिमणी दिन या भेदाकडे डोळेझाक करतो.

मिठागरे, गावठाण आणि मनोरे शेजारी शेजारी असलेले कांजूरमार्ग आणखी किती वर्षे असेच राहील, हे सांगता येत नाही. ते बदलण्यापूर्वीच्या चिमण्या कोणीतरी मोजून ठेवल्या, तर पुढल्या पिढीला 'पूर्वी खूप होत्या' या हळहळीपेक्षा अधिक काही हाती लागेल. त्यासाठी दुर्बीण, वही आणि वर्षातल्या काही सकाळी एवढेच भांडवल लागते.